मूळ नळीला हात कोण लावतं

पुण्याहून म्हैसूरला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या विद्यापीठात मी औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि खरं सांगायचं तर माझं जे काही नाव आहे ते एका जिवाणूवर उभं आहे. नवी असताना इथून जवळच्या पिरियापट्टणला तंबाखू वाळवायच्या एका भट्टीमागची माती पिशवीत भरून आणली होती. तिच्यात निकोटिन खाऊन जगणारा हा प्राणी सापडला. तंबाखूचा विषारी कचरा साफ करायला तो कामी येईल, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे. त्यावर शोधनिबंध झाले, बढत्या झाल्या. कचरा अजून तिथेच आहे.

असा जिवाणू जिवंत ठेवायचा तर विरजणासारखा जपावा लागतो. दर महिन्याला जुन्या नळीतला थोडासा नव्या नळीत उतरवायचा. ही मूळ नळी विभागात माझ्याशिवाय कुणी हाताळायची नाही, असा माझा नियम होता; इतरांना लागेल तेवढा मीच काढून द्यायची. त्याबद्दल मला विभागात हसत, ते मला आवडायचं.

मग एक मुलगी पीएच.डी.ला आली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, पूर्वी कापड रंगवणाऱ्यांचं, घरी मराठीच बोलणारं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असे. पहिली दोन वर्षं तिने वाचन आणि तयारी यात चांगली घालवली. तिसऱ्या वर्षी प्रयोग सुरू झाले आणि जिवाणू निकोटिनवर वाढेचना.

आमच्या धंद्यात प्रयोग फसला की आधी हातावर संशय घेतात. मी तिच्या हातावर घेतला. "तुझा हात स्वच्छ नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी राहते त्या गोकुलममध्ये योगाच्या वर्गांना, श्वास कसा घ्यावा हे शिकायला परदेशातून माणसं येतात. मी तिला तोंडावर फडकं बांधून श्वास कसा रोखावा हे शिकवत बसले. पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर तिला प्लेटवर जिवाणूंच्या रेघा ओढायला लावल्या. तिने ओढल्या. प्रयोगात दर वेळी तेच. असे आठ महिने गेले.

एके दिवशी ती माझ्या खोलीत एक बंद पाकीट घेऊन आली.

"मॅडम, माझंच चुकलं असेल. मात्र एकदा बघा ना. सुम्ने करून बघितलं."

सुम्ने म्हणजे उगीच, सहज. तिने मला न विचारता मूळ नळीतल्या जिवाणूची जनुकीय तपासणी करून घेतली होती. अहवाल अर्ध्या पानाचा होता. नळीत माझा जिवाणू नव्हताच. हवेत, धुळीत, टेबलावर कुठेही सापडतो तसला एक सामान्य बॅसिलस तिथे मजेत नांदत होता. प्लेटवर एकाच प्रकारच्या वसाहती दिसत, म्हणून आम्ही ते कल्चर, म्हणजे नळीत वाढवलेले जिवाणू, शुद्ध म्हणत होतो. ते शुद्धच होतं, फक्त दुसरंच होतं. फ्रीझरमधल्या कुप्याही मी त्याच नळीतून भरल्या होत्या. कुठल्या महिन्यात माझा हात चुकला ते आता कळणार नाही. माझे कान तापले, एवढं आठवतं. "ठेवून जा," म्हणाले.

नवी माती आणून पुन्हा सुरुवात करायची तर मुदतवाढ हवी होती, नाहीतर तिची पीएच.डी. तिथेच संपत होती. मी विद्यापीठाच्या पीएच.डी. समितीला पत्र लिहिलं. "तांत्रिक कारणाने कल्चर दूषित झाले." आम्हा लोकांना असं लिहिण्याची चांगली सवय असते.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी तिलाच विचारलं, "कल्चर सांभाळत कोण होतं?"

ती म्हणाली, "लॅबमध्ये सगळेच, सर."

मी तिच्या शेजारी बसले होते. पाणी प्यायले. समितीने एक वर्ष वाढवून दिलं आणि कागदावर शेरा मारला: विद्यार्थिनीने निर्जंतुक हाताळणीकडे लक्ष द्यावे.

बाहेर व्हरांड्यात मला भरून आलं होतं. काय गुणी पोरगी, गुरूची लाज राखली, असं वाटत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझं नाव घेतलं नाहीस. हे मी विसरणार नाही."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. आवाजात राग नव्हता, वेळापत्रक सांगावं तसं ती म्हणाली, "नाव घेतलं असतं तर माझ्या थीसिसवर सही कोण करणार होतं, मॅडम?"

मी केली असती, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते खरं आहे की नाही हे मलाच सांगता येईना. इतकी लाज मला अहवाल वाचतानाही वाटली नव्हती.

मी परत आत गेले. समिती कॉफी पीत होती. उभ्या उभ्याच सांगितलं, की ती नळी फक्त मीच हाताळत होते, चूक माझी आहे, शेरा काढा. अध्यक्ष हसले. "होतं हो मॅडम, आमच्याकडेही झालंय एकदा," म्हणाले आणि त्या ओळीवर रेघ मारून बाजूला सही केली. कुणीतरी मला कॉफी दिली. दोन मिनिटंही लागली नसतील.

ती व्हरांड्यातच उभी होती. मी तिला कागद दाखवला. ती रेघ तिने बराच वेळ पाहिली.

"इष्टेना, मॅडम?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"