पन्नास खेपा, वजनासकट

सिस्टर गॅरेजवर आल्या की आधी गाडीच्या टाकीवर दोन बोटं ठेवायच्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहायच्या. गाडी चालू, धूर माझ्या तोंडावर, आणि ह्या नाडी बघतायत.  मग घड्याळावरची नजर न काढता म्हणायच्या, "मिस्तरी, हिची नाडी जलद चाललीय."

आता इंजिनाचे ठोके बोटांनी मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यावर म्हणाल्या, मोजत नाही, नुसतं बघतेय. आणि मी पाना घेऊन बसलो की खरंच काहीतरी निघायचं. कधी आयडल जास्त, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन जोरात, कधी चेन ढिली. मला त्याचाच राग यायचा. तीस वर्षं हातांची नखं काळी केली ती मी, आणि रोग सांगणार ह्या.

तुम्ही सोलापूरहून हैदराबादकडं कधी गेला असाल तर नळदुर्गजवळ धाब्याला लागून टायरांचा एक ढीग पाहिला असेल. तो माझा. सिस्टर माझ्या गिऱ्हाईक झाल्या त्याच्या आधीपासून त्यांना ओळखायचो. अणदूरच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका, राहायला नळदुर्गला. माझ्या तिन्ही पोरांना त्यांनीच सुया टोचल्या. पोर रडलं तर त्याच्या आईला दटावायच्या, पोराला नाही. एखादी बाई पोटात दुखतंय, जळजळतंय, गरगरतंय असं पाढे म्हटल्यागत सांगायला लागली की हात वर करायच्या. "लक्षणं सांगू नका, कारण सांगा. काल काय खाल्लं?"

गाडी मुळात त्यांची नव्हती, त्यांच्या साहेबांची. साहेब म्हणजे त्यांचे यजमान, एसटीचे ड्रायव्हर. सोलापूर-तुळजापूर मार्गावर वीस-बावीस वर्षं काढलेली. हौसेनं एक क्रूझर मोटारसायकल घेतली होती, लांब, जड, पाय पुढं टाकून ऐटीत बसायची. चार महिने चालवली आणि एका सकाळी त्यांची डावी बाजू गेली. जीभ शाबूत होती, बरं का. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ह्यांना बोलता येतं. पण साहेब बोलेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. हवं-नको एवढंच, तेही मानेनं. असं दीड वर्ष चाललं होतं.

त्या दीड वर्षात सिस्टरनी एक काम केलं. सेहेचाळीसाव्या वर्षी ती क्रूझर शिकल्या. किल्ल्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर रोज सकाळी. दोनदा पडल्या, एकदा बाभळीत शिरल्या. बघायला माणसं जमायची, हसायची. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यात त्या गाडीवरून ड्यूटीला जायला लागल्या आणि हसणारे आपापल्या कामाला लागले.

एके दिवशी त्यांनी मोबाईलवर मला फोटो दाखवला. मोटारसायकलला डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. म्हणाल्या, असली बसवायची, आणि इंजिनाची ताकद वाढवायची. मी म्हणालो, सिस्टर, गाव सपाट, रस्ता चौपदरी, ताकद कशाला? तेव्हा त्या माझ्या बाकड्यावर बसल्या. एरवी बसायच्या नाहीत.

"ह्यांना दवाखान्यात न्यायचं तर जीपमधी मागं झोपवून नेते. छत बघत जातात, छत बघत येतात. मला त्यांना तुळजापूरच्या घाटातनं वर न्यायचंय. पुढं बघत. वीस वर्षं ज्या रस्त्याची बडबड घरात ऐकली, त्या रस्त्यावर तरी एक शब्द बोलतील." मग म्हणाल्या, "तिथं पण बोलले न्हाईत तर मग माझ्याकडं दुसरं औषध न्हाय."

मी मान खाली घालून स्पॅनर पुसत बसलो. 

आरटीओच्या कागदांचं त्यांनीच बघितलं. सरकारी माणसाला सरकारी भाषा येते, त्यांची कामं होतात. साइडकार उमरग्याच्या एका वेल्डरनं करायला घेतली. इंजिन माझ्याकडं. सिलिंडर सोलापूरला लेथवर नेऊन बोर मोठा करून आणला, त्यात मोठा पिस्टन घातला, कार्बोरेटरला मोठा जेट, हवा भरपूर घेणारा फिल्टर, मोकळा श्वास सोडणारा सायलेन्सर. हेड उघडून व्हॉल्व्ह बसवत होतो त्या दिवशी सिस्टर ड्यूटीवरून सरळ गॅरेजवर आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "हात धुतले का?" दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी रबरी हातमोज्यांचा डबा घेऊन आल्या. धाब्यावरचे ट्रकवाले आठवडाभर मला डॉक्टरसाहेब म्हणत होते.

आता आमच्या गॅरेजची एक रीत सांगतो. बोर केलेलं इंजिन नव्या सुनेसारखं असतं, पहिले दिवस सांभाळून घ्यावं लागतं. जोरात पळवलं की पिस्टन घासतो, संपलं. पण हायवेवरच्या माणसाला हळू चालव म्हटलेलं कळतच नाही. म्हणून माझ्या उस्तादांनी तोड काढली होती. आमच्याकडचा खंडोबा एक, घरं दोन. वर्षाचे बरेचसे महिने अणदूरला आणि हिवाळ्यात थोडे दिवस नळदुर्गला. दोन्ही गावांत तसा लेखी करारच असतो. उस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, नळदुर्ग ते अणदूर, जाऊन-येऊन पन्नास खेपा, चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही. देवाच्या वाटेवर कोण घाई करणार? उस्ताद स्वतः पाच वेळचे नमाजी, पण इंजिनाच्या बाबतीत खंडोबावर त्यांचा फार भरवसा.

सिस्टर म्हणाल्या, "मी बौद्ध, तुमी मुसलमान, आणि खेपा खंडोबाच्या?" मी म्हणालो, सिस्टर, खेपा इंजिनाच्या. त्या मोठ्यानं हसल्या. तशी त्यांची ड्यूटीच अणदूरला, रोजची एक खेप ठरलेली. सुट्टीच्या दिवशी दोन-दोन करायच्या. पन्नास पुऱ्या करून आल्या आणि इंजिन असं बोलत होतं की मी स्वतःवर खूश झालो. म्हटलं, ह्या जिल्ह्यात असं काम कुणी करून दाखवावं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच नाही.

साइडकार नंतर आली. ती जोडली, आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. चौघा शेजाऱ्यांनी साहेबांना उचलून आत बसवलं. त्यांनी होय म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. सिस्टर गाडीवर, साहेब त्यांच्या डाव्या हाताला, मी मागं माझ्या फटफटीवर. सरळ रस्ता न घेता वळसा घालून सोलापूरच्या रस्त्याला लागलो, कारण साहेबांचा घाट तो. सपाटीवर गाडी झकास पळाली. मागून मला साहेबांची टोपी तेवढी दिसत होती. ती इकडं हलली नाही की तिकडं.

घाट लागला आणि निम्म्यात इंजिन टकटक करायला लागलं. सिस्टरनी अॅक्सिलरेटरचा कान मुरगळला तसा आवाज वाढला, पण चाक काही जोर धरेना. आणि मग ते बसलंच. मी धावत जाऊन किक मारली, किक खाली जाईना. पुन्हा मारली. पाय दुखावला, किक तिथंच. सिस्टरनी चाकामागं दगड लावला आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. कारण सांगा, असंच ते बघणं होतं. 

तेवढ्यात खालून एसटी आली. ड्रायव्हरनं साहेबांना ओळखलं. त्यानं गाडी हळू केली, हॉर्न दिला, खिडकीतून हात काढून हाक मारली. माणूस प्रेमानंच हाक मारत होता. पण साहेबांनी तोंड फिरवून दरीकडं केलं. ज्या घाटात बावीस वर्षं गाडी कधी बंद पडू दिली नाही, त्या घाटात आज हे.  मनात म्हटलं, झालं, मिस्तरी, तू ह्या माणसाला कायमचा भिंतीकडं झोपवलास. रागानं मी पुन्हा किकवर पाय ठेवला.

"लाथ मारू नका."

आवाज खरखरीत होता, बिनवापराच्या बिजागरीसारखा. मी आधी सिस्टरकडं बघितलं. त्या दगडापाशी उभ्या, साहेबांकडं बघत.

"तापलंय ते. पिस्टन धरलाय. निवू द्या, सुटंल," साहेब म्हणाले. दरीकडंच बघत होते अजून. "चेनच्या पुढच्या चक्रीला दात किती?"

मी म्हणालो, अठरा. कंपनीचे होते तेच.

"इंजिन वाढवलं नि चक्री तीच? मिस्तरी, ही पळायची ताकद झाली. चढाला ओढायची ताकद लागते. दोन दात कमी करा." मग त्यांनी मान फिरवली. "आन् त्या पन्नास खेपा मोकळ्या गाडीनं केल्या व्हय?"

 नळदुर्गच्या मिस्तरीकडं सारी जिंदगी पोरं येतात ती एकच मागणी घेऊन, काटा पुढं गेला पाहिजे. मी चढ कधी डोक्यात घेतलाच नव्हता. वजनाची गाडी करायची आणि खेपा बिनवजनाच्या, एवढी साधी चूक उस्तादांनी ऐकली असती तर कानशिलात दिली असती. मी कान धरले. खरोखरचे, दोन्ही हातांनी, भर घाटात.

साहेब हसले. नीट हसू नव्हतं ते, अर्धंच तोंड हललं. सिस्टर मात्र रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. आम्ही दोघं पुरुष उगाच इंजिनाकडं बघत राहिलो. अर्ध्या तासानं किक सुटली आणि आम्ही हळूहळू उतरून घरी आलो.

पिस्टनवर ओरखडे होते, पण सिलिंडर वाचला होता. घासून साफ केला, रिंगा नव्या घातल्या, पुढची चक्री सोळा दातांची. हे सगळं होईस्तोवर साहेब रोज गॅरेजवर, रिक्षातून. मी काही हातात घेतलं की म्हणायचे, "असू द्या, पण..." आणि त्या पणच्या पुढं अर्धा तास. काम झाल्यावर मी म्हणालो, आता पुन्हा पन्नास खेपा, ह्या वेळी साइडकारसकट, आत वाळूची पोती टाका. साहेबांनी हात वर केला.

"पोती कशाला? वजन म्हणून मी बसतो."

पन्नास खेपा बसले ते. सिस्टर सकाळी त्यांना घेऊन अणदूरला जायच्या, संध्याकाळी घेऊन यायच्या. जाताना माझ्या दारात काटा चाळीसच्या खाली आहे ते साहेब मला ओरडून सांगायचे. एक्कावन्नाव्या दिवशी घाट चढून वर गेले. मी सोबत गेलो नाही. मला बोलावलं होतं, पण म्हटलं, ह्या दोघांच्या मधे माझं काय काम. वरून सिस्टरचा फोन आला. गाडी चढली का विचारलं तर म्हणाल्या, चढली, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत ह्यांनी मला एकदाही माझ्या मनानं गियर बदलू दिला नाही.

पुढं सिस्टरची बदली झाली, लांब, परंड्याकडं. सामान टेम्पोतून गेलं आणि हे दोघं त्या गाडीवरून. निघताना सिस्टरनी मला कितीतरी सूचना दिल्या, त्यातली एकही गाडीबद्दल नव्हती. बीपीची गोळी चुकवू नका, तंबाखू सोडा, धाकट्याचं बूस्टर राहिलंय. मी तोंड वाकडं करून हो-हो म्हटलं. त्या गेल्यावर चार दिवस गॅरेजमध्ये करमत नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं, राहून गेलं. तंबाखू सोडलीय.

परवा परंड्याकडचा एक शेतकरी मोटारसायकल घेऊन आला. एवढ्या लांबून कसा, म्हणून विचारलं तर म्हणाला, आमच्या उपकेंद्राबाहेर साइडकारमधी एक म्हातारा बसलेला असतो, त्यानं पाठवलं. सांगितलं, पुढच्या चक्रीचे दोन दात कमी करून घे, पण नळदुर्गच्या मिस्तरीकडूनच. मी विचारलं, माणूस कसा वाटला?

तो म्हणाला, "लई बोलतो, राव. तासभर सोडलं न्हाय मला. शेवटी आतनं सिस्टरबाई ओरडल्या, अहो, पुरं करा आता, जाऊ द्या त्यांना."

चक्री बदलायला वीस मिनिटं लागतात. मी त्याला दुपारपर्यंत बसवून घेतलं, चहा पाजला, आणि सिस्टर काय म्हणाल्या ते तीन वेळा सांगायला लावलं.