अंगदचं खरं वय

पाटोद्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ॲडव्होकेट पौर्णिमा जोगदंड बसतात. त्यांचे वडील कारभारी जोगदंड एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांत आपल्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते निवृत्त झाल्यावरही रोज कुणाला तरी ऐकवतात. आणि मुलगी नेमकी गाड्या ठोकणाऱ्या पोरांची वकील झाली. "मी जन्मभर ब्रेक मारले, अन् हिचं घर चालतंय ब्रेक न मारणाऱ्यांवर," असं म्हातारा म्हणतो. म्हणताना मिशीत हसतो, म्हणजे रागावलेला नसतो.

बाईंनी हे काम काही ठरवून घेतलं नव्हतं. बीडला वकिली शिकून त्या परत आल्या, तेव्हा बांधाचे आणि वाटणीचे दावे जुन्या वकिलांकडेच जायचे. बाईंच्या वाट्याला कुणाला नको असलेलं काम यायचं, म्हणजे विनालायसन सापडलेली अकरावी-बारावीची पोरं. ओठांवर मिसरूड, डोळ्यांत पाणी आणि मागे संतापलेला बाप. बाईंची रीत अशी, की आधी बापाला बाहेर बसवून पोराला विचारायचं, मग पोराला बाहेर काढून बापाला. दोघांच्या हकिगती फार क्वचित जुळायच्या. जोवर जुळत नाहीत तोवर बाई कागदाला हात लावायच्या नाहीत. पोरांमध्ये त्यांचं नाव पडलं 'लायसनवाल्या बाई'. खरं तर त्यांच्याकडे येणाऱ्या एकाकडेही लायसन नसायचं.

गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी अंगदचं प्रकरण झालं. अंगद म्हणजे अर्जुनरावांचा धाकटा. अर्जुनराव दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले, पाण्याखालची जमीन, बोलणं भाषणासारखं. पोराला त्यांनी वाढदिवसाला मोटारसायकल घेऊन दिली होती. त्या दिवशी अंगद मागे दोन मित्र घेऊन शेळ्यांच्या बाजारातून निघाला. समोर धुळाजी आपल्या शेळ्या हाकत रस्ता ओलांडत होता. अंगदने हॉर्न वाजवला. शेळ्यांना हॉर्नचा अर्थ कळत नाही. गाडी घसरली, तिघं खाली आले, शेळ्या चौफेर पांगल्या. मित्र हातपाय झाडून पसार झाले.

अंगदही पळाला, पण उलट्या दिशेला. धुळाजीचा एक काळा बोकड उधळून थेट पोलीस ठाण्याच्या आवारात शिरला होता आणि हे पोरगं त्याच्या मागे. ठाण्याच्या पायरीवर त्याने बोकडाला कवळ घालून धरलं. हवालदार बाहेर आले, तर समोर खरचटलेल्या कोपराचा मुलगा. "काका, बाजारात एक म्हातारबाबा हायेत, त्यांचा हाय हा. धरा जरा, माझी गाडी तिकडं पडलीय," तो म्हणाला. गाडी कुणाची, कोण चालवत होतं, लायसन कुठंय, हे हवालदारांना पुढं फारसं विचारावं लागलंच नाही. पोरगं सगळं सांगत सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव माझ्या टेबलापाशी.

"एक प्रतिज्ञापत्र टाईप कर. शाळेत नाव घालताना पोराचं वय तीन वर्षं कमी लावलंतं. खरं वय एकोणीस."

मी म्हटलं, "वकिलाशिवाय असा कागद मी करत नाही, साहेब. बाईंना विचारा."

अर्जुनराव पत्र्याच्या खोलीकडे बघत उभे राहिले. पूर्वी निवडणुकीत वस्तीवर आले, की ते बाईंना 'कारभाऱ्याची पोरगी' म्हणायचे. आता काळा कोट बघून दारातच म्हणाले, "मॅडम, जरा वेळ हाय का?"

मी चहाच्या निमित्ताने आत गेलो आणि तिथंच थांबलो.

वय वाढवायचं कारण साधं होतं. पोरगं सज्ञान असलं, तर विनालायसनचा दंड भरून मोकळं होतं. अठराच्या आतलं, म्हणजे अज्ञान असलं, तर कायदा बापाला धरतो, अगदी तुरुंगापर्यंत. वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही.

"म्हणजे पोरगं अज्ञान असंल तर गुन्हेगार मी?" अर्जुनराव म्हणाले. "मी तर त्या दिवशी गावात बी न्हवतो. शिरूर कासारला गेलतो."

"गाडी कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

"मीच दिली. पर चालव म्हणलो न्हाई."

"मग काय, पूजा करायला दिली?"

अर्जुनरावांनी चहाचा घोट घेतला. "मॅडम, वय एकोणीस धरा. बास."

बाईंनी खिडकी उघडली. समोर चौकात फ्लेक्स लावलेला होता. त्यावर गॉगल घातलेला अंगद नव्या गाडीवर बसला होता, शेजारी हात जोडलेले अर्जुनराव, आणि खाली शेळीएवढ्या अक्षरांत 'चि. अंगदराव यांना सोळाव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'.

"सरकारी वकिलांना पुरावा शोधायला जीपसुद्धा काढावी लागणार नाही," बाई म्हणाल्या. "वयही त्यातच, अन् गाडी तुम्ही दिल्याचंही त्यातच."

"फ्लेक्सवर छापणाऱ्यानं चुकवलं असंल," अर्जुनराव म्हणाले, पण आवाज उतरला होता. मग त्यांना एकदम सुचलं. "त्याच्या आईला इचारा! आईपेक्षा कुणाला ठाव असतंय? ती सांगल एकोणीस." त्यांनी लगेच फोन लावला.

विजयमालाबाई तासाभरात आल्या, अंगदला घेऊन, एसटीने. हातात प्लॅस्टिकची पिशवी. बाईंनी विचारायच्या आधीच त्यांनी पिशवीतून जन्माचा दाखला काढून टेबलावर ठेवला.

"सोळा पुरे. सतरावं चालू," त्या म्हणाल्या.

"अगं, नीट आठव," अर्जुनराव म्हणाले.

"आठवायचं काय त्यात? त्याच्या जन्माला मी हजर होते. तुमी प्रचाराला गेलता."

खोलीत कुणी हसलं नाही. मी चहाचे कप आवरायला खाली वाकलो.

"अन् दुसरं," विजयमालाबाई नवऱ्याकडे न बघता बाईंना म्हणाल्या, "परवा हे पोरगं सतरा वर्षांखालच्या कबड्डीत निवडलंय. तिथं ह्यांनीच सही करून दाखला दिलाय. आता पोलिसाला एकोणीस सांगितलं, तर मग खेळात खोटं ठरंल ना हे? कावून करता असं?"

अंगद इतका वेळ दाराशी कोपराची खपली बघत होता. आता तो बोलला. "आण्णा, मी हवालदारकाकांना सोळाच सांगितलंय. आधीच."

अर्जुनरावांनी जन्माचा दाखला उचलून उलटसुलट पाहिला. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खोटा कागद मी करणार नाही. तो करायचा असेल, तर दुसरा वकील बघा. खरं सांगायचं असेल, तर मी दोघांच्याही बाजूने उभी राहीन, तुमच्या इथं अन् पोराच्या बीडला, बाल न्याय मंडळासमोर. तुरुंगाची भीती आहे, ती मी लपवत नाही. पण गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी फ्लेक्स वाचलाय," विजयमालाबाई म्हणाल्या.

बीडला मंडळापुढे बाईंनी मोठं भाषण केलं नाही. अंगदला उभं करून म्हणाल्या, "काय झालं ते सांग." त्याने सांगितलं. बोकडापर्यंत आल्यावर मंडळातल्या बाईंनी विचारलं, "तुझे मित्र पळाले. तू का नाही पळालास?"

"पळालो ना. बोकड कसा जोरात पळतो, मॅडम! म्हातारबाबाला तो घावला नसता."

मंडळाने समज दिली आणि चार रविवार पाटोद्याच्या चौकात वाहतूक पोलिसांना मदत करायला लावली. त्यात एका रविवारी अंगदने आपल्याच मामाला हेल्मेट नाही म्हणून थांबवलं. मामा अजून त्याच्याशी बोलत नाही.

अर्जुनरावांचा निकाल पाटोद्यात लागला. त्यांनी उभं राहून गुन्हा कबूल केला. पहिल्या वाक्याला ते भाषणाच्या सुरात गेले होते, बाईंनी त्यांची बाही ओढली तेव्हा दोन वाक्यांत आटोपलं. दंड झाला, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी गेली आणि कैद झाली कोर्ट उठेपर्यंत. म्हणजे संध्याकाळी न्यायाधीश उठेस्तोवर मागच्या बाकावर बसून राहायचं.

ही शिक्षा ऐकायला हलकी वाटते. पण तो तारखांचा दिवस होता आणि निम्मा तालुका आत-बाहेर करत होता. जो तो वाकून "राम राम अर्जुनराव, इकडं कुणीकडं?" विचारायचा आणि कोर्टात बोलायची बंदी म्हणून अर्जुनराव नुसती मान हलवायचे. दुपारी धुळाजी, साक्षीला आलेला पण कबुलीमुळे आता मोकळा, त्यांच्या शेजारीच येऊन टेकला. त्याने फडक्यातली भाकरी उघडली, मग शिपायाचे डोळे बघून पुन्हा बांधली.

"बाहेर गेल्यावर खाऊ," तो कुजबुजला. "दोघांत हाय."

कोर्ट उठल्यावर दोघांना माझ्या लिंबाखाली बसून ती भाकरी खाताना मी पाहिलं. अर्जुनरावांनी बोकडाची चौकशी केली. तो बरा होता, नुसता माजला होता.

कबड्डीचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. फ्लेक्स अर्जुनरावांनी स्वतः उभं राहून उतरवला. बाईंच्या दारात मात्र गर्दी वाढली. परवा अर्जुनराव एका ओळखीच्या सरपंचाला आणि त्याच्या पोराला घेऊन आले. पोरगं मान खाली घालून उभं. सरपंच घसा साफ करत म्हणाला, "मॅडम, त्याचं असं हाय, पोरगं तसं वीस वर्षांचं..."

अर्जुनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं सांग बे," ते म्हणाले. "लई येळ वाचतो."