दळणबाईंची अर्धी राहिलेली गोष्ट

चव्वेचाळीसचा नाताळ : दळणबाईंविरुद्ध तक्रार. पंचेचाळीसचा उन्हाळा : त्यांना न बोलावता ठराव. त्याच वर्षीचा पावसाळा : त्यांचा दफनविधी. जबाबदार : आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब, पंचकमिटीचे सभासद, आणि तो ठराव सुवाच्य अक्षरात लिहून देणारा चिटणीस, म्हणजे मी.

बाई मिशनच्या बायबलबाई. पाथर्डीकडच्या वाड्यांवर पायी फिरून त्या बायकांना शुभवर्तमान सांगत. घरात शिरल्या की आधी जात्यापाशी बसून खुंट्याला हात लावायच्या. दळण सरेपर्यंत घरधनिणीचे सुखदुःख ऐकायच्या, मग येशूच्या चरित्रातला एकच प्रसंग सांगून उठायच्या. पुढचा प्रसंग पुढल्या दळणाला. काही घरे त्यांना जात्याला शिवू देत नसत. तिथे त्या उंबऱ्याबाहेर बसून ऐकत.

एकदा मी सोबत असताना ठकू नावाच्या बाईने त्यांना विचारले, "तुमी आमच्या खंडोबाला नावं ठिवनार का?"

"नावं ठिवायला येवढी पायपीट करीन व्हय गं? माझ्याजवळ चांगलं हाय ते मी सांगते. तुझ्याजवळचं तू सांग."

"मग बसा," ठकू हसली. "आज दोन पायल्या हायेत."

पुढे हाच आरोप झाला : 'अन्य दैवतांचे खंडन करीत नाहीत.' मंडळीच्या नियमावलीतील कोणत्या कलमाखाली हा अपराध, याचा ठरावात उल्लेख नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही. वाड्यांवर जाण्यास मात्र कायमची मनाई.

पुस्तकांची पिशवी परत करायला बाई माझ्या घरी आल्या. पायरीवरच बसल्या.

"भाऊ, ठकूची गोष्ट वधस्तंभापाशी थांबलीय. लई रडली ती. म्हनली, असा भला मानूस मारला? आता तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिता उठला, ते तिला कोन सांगंल?"

मी म्हणालो, "गुपचूप जाऊन या."

"पंचांना चोरून? चोरून सांगायची गोष्ट हाय का ती?"

त्या गेल्या नाहीत. मी पाळकसाहेबांना पत्रांमागून पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. आता हात थकला आहे. वाडीची वाट मलाही ठाऊक होती आणि तरी मी लिहीत बसलो, हेही येथे नोंदवतो.

बाईंना आता न्याय मिळणे नाही. मागणी एवढीच, की पाळकसाहेबांनी येत्या रविवारी उपासनेत सर्वांसमक्ष उभे राहून उत्तर द्यावे : ठकू अजून वधस्तंभापाशीच बसली आहे; तिच्याकडे तुम्ही कोणाला पाठवले?