अक्कांना हवं होतं ‘नाही’ म्हणणारं माणूस

आमच्या जयनगरच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायला माणूस घ्यायचा, तर तो आधी आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ असलेल्या पंकजाक्षी अक्कांच्या हाताखालून जावा लागे. अक्का बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवत, शेजारी बसत आणि मुद्दाम चुकीची जागा दाखवत, "बिघाड इथेच आहे बघ." एरवी घोकलेली उत्तरं धडाधड फेकणारे "यस मॅडम" म्हणून तिथेच खोदत बसत. असल्या नंदीबैलांना अक्का गोड हसून वाटेला लावत. माणूस पसंत पडला, तर मात्र बाय-टू कॉफी मागवत. एकच कॉफी, दोन पेल्यांत.

हा हट्ट उगाच नव्हता. गेल्या साली आमच्या मालकांनी, शेषगिरी सरांनी, दूध संघाचा प्रोग्राम घाईने सुरू करायला लावला. तो कच्चा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, पण सरांपुढे त्याची वाचाच बसली. पहिल्याच सकाळी तो अडला; दूध घालायला आलेल्या मंड्याकडच्या गावांतल्या बायका कॅन घेऊन ताटकळल्या, दूध नासलं. त्यांच्या शिव्या खायला उभ्या होत्या अक्का.

जागा भरेना, तसे सर भडकले. "आज शेवटची मुलाखत. नाही जमलं, तर माझ्या मेव्हण्याचा मुलगा घेतो." आणि स्वतःच येऊन बसले.

त्या दिवशी अक्कांनी नेमका सरांच्याच हातचा जुना प्रोग्राम काढला. बाई जिद्दीची! हासनहून आलेली चैत्रा तो उघडते न उघडते तोच सर म्हणाले, "तारखांचा घोळ आहे. मीच लिहिलाय, मला माहीत नाही होय?"

सर चुकत होते, आणि तेही अक्कांसारखं मुद्दाम नव्हे, अगदी मनापासून.

चैत्रानं शांतपणे सगळं वाचलं. "नाही सर, तारखा बरोबर आहेत. एकच नोंद दोनदा धरली जातेय. दाखवू?"

सरांचे कान लाल झाले. "अक्का, ही रोज माझ्याशी भांडेल!"

"भांडू द्या की, सर. दूध नासलं त्या दिवशी कोणी भांडलं असतं तर?"

अक्कांनी बाय-टू कॉफी मागवली.

चैत्रा कामावर आली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, हे तुम्ही लिहिलंय ना? चुकलंय."

आम्ही माना खाली घातल्या. सर दारातच थबकले, मिशीत हसले. अक्कांचा चेहरा उतरला. राग गिळताना त्या मला स्पष्ट दिसल्या.

मग त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"दाखव," त्या म्हणाल्या.