मोठीआळीचे पंधरा शर्ट

मोठीआळीच्या रग्बी टीमचे शर्ट पांढरे का, याचं उत्तर अगदी साधं आहे. निकोलस मुंबईला ज्या क्लबात माळी होता, तिथल्या खेळाडूंनी जुने शर्ट टाकून दिले आणि ते पांढरे होते. एवढंच! पुढे नवे शिवले तेही सवयीने पांढरेच. आता वसईचा ऑगस्ट, चिखलात लोळायचा खेळ, आणि शर्ट पांढरे. धुणार कोण? निकोलसची बायको. चौतीस वर्षं एमिली ते धुतेय. पोरं त्यांना जर्सी म्हणतात, एमिली शर्टच म्हणते. सून जॉयस म्हणते, मशीनमध्ये टाका हो आई. पण मशीन एकदा त्या मातीने असं तुंबलं होतं की दुरुस्तीवाल्याने हात जोडले. तेव्हापासून एमिली, बावखलाकाठचा, म्हणजे मैदानाशेजारच्या तळ्याकाठचा दगड आणि ब्रश.

निकोलसने शर्टांबरोबर एक लांबोळका चेंडूही आणला होता. फुटबॉलवर वाढलेलं गाव, आधी पोट धरून हसलं. चेंडू एकच, म्हणून सराव नारळावर. वाडीतला न सोललेला नारळ बावखलाच्या पाण्यात बुडवायचा, निसरडा झाला की धावत धावत एकमेकांकडे फेकायचा. ज्याच्या हातून पडला त्याने बावखलाला एक फेरी मारायची. त्या ओल्या नारळावर हात बसलेली पोरं, ती चेंडू पाडतील कशी? तालुक्यात कुणी त्यांच्या नादी लागत नसे. मॅचच्या दिवशी बावखलाच्या कठड्यावर बसायला जागा मिळायची नाही.

आता निकोलसला जाऊन नऊ वर्षं झाली. नारळ कुणी भिजवत नाही. कठडा मात्र अजून भरतो, कारण सवय.

गेल्या शनिवारीही भरला होता. समोर नालासोपाऱ्याची टीम. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी हा चेंडू पहिल्यांदा पाहिला, ती पोरं. मॅच संपली तेव्हा पाटीवर त्रेचाळीस–पाच होतं, आणि पाच आपले.

"अरे हा पास देतोय की अंगावरची पाल झटकतोय?" गॉडफ्रे पहिल्या दहा मिनिटांतच ओरडला. बँकेतून रिटायर झालेला शांत माणूस, वर्षभर कुणाला 'अरे' म्हणायचा नाही; पण कठड्यावर बसला की त्याच्या अंगात यायचं. चौथ्यांदा चेंडू हातातून सुटला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मोबाईल द्या त्यांच्या हातात, तो नाही पडायचा!" लोक हसले. सातव्यांदा सुटला तेव्हा कुणी हसलं नाही. प्लासिड तर दुसऱ्या हाफमध्ये बोलायचाच थांबला. तो निकोलसबरोबर खेळलेला, एके काळचा शाळामास्तर, आता क्लबचा अध्यक्ष. टोपी काढायचा, डोकं पुसायचा, टोपी घालायचा. झालं.

एमिली कठड्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती. तिला स्कोअरशी देणंघेणं नव्हतं. ती फक्त एक उजवा खांदा बघत होती, चार नंबरच्या शर्टातला. तो तिच्या पोराचा, मार्कचा.

मार्क एकोणचाळीसचा. टीममध्ये सगळ्यांत म्हातारा म्हणा ना. खांदा दोनदा निखळलेला. डॉक्टरांनी जॉयससमोर, एमिलीसमोर स्वच्छ सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा निखळला तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर केळीचे घड उचलायचं विसरा." घर त्या केळीवर चालतं. मार्क म्हणाला, "हा एकच सीझन, आई. पंधरा होत नाहीत गं माझ्याशिवाय." हे तो तीन सीझन म्हणत होता. एमिली भांडली, अबोला धरला, दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन गुडघे टेकले. जॉयसने शपथ घातली. काही उपयोग नाही. बापाची टीम आहे, म्हणायचा.

शेवटच्या पाच मिनिटांत नालासोपाऱ्याचा एक दांडगा पोरगा चेंडू घेऊन सरळ मार्कच्या अंगावर आला. मार्क वाकला, डावा हात गेला, उजवा गेलाच नाही. पोरगा बाजूने निघून गेला आणि मार्क तोंडावर चिखलात पडला. तो उठायच्या आत तिकडे रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय झाला होता.

"बघा! हेच भगदाड!" गॉडफ्रे उभा राहून म्हणाला. "सगळे तिथूनच येतायत मघापासून!"

सगळा कठडा 'होय होय' म्हणाला. इतका वेळ लोकांना कळत नव्हतं कुणावर चिडायचं, आता कळलं. एमिलीने खुर्ची मिटली आणि शर्टांच्या पिशवीची वाट बघत उभी राहिली.

चौदा शर्ट पिशवीतून आले. मार्कचा त्याच्या अंगावरच होता, कारण मैदानावर त्याला तो काढताच आला नाही. घरी जॉयसने बाह्या धरल्या, एमिलीने मागून वर ओढला, आणि मार्क दात आवळून "हळू, हळू" म्हणत राहिला. लहानपणी अंघोळीला असाच कपडे काढू द्यायचा नाही. शर्ट निघाल्यावर तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दिवेलागणीला प्लासिड आला. ओट्यावरच उभा राहिला, आत येईना.

"एमिलीबाय, उद्या मिस्सानंतर मीटिंग आहे. सगळ्यांचं म्हणणं पडतंय की मार्कला बाहेर बसवावं." त्याने टोपी काढली. "त्याच्या बाजूनेच सगळे ट्राय झाले. लोक बोलतात हो. मला आवडतंय का? पण निकोलसने तरी काय केलं असतं? त्याची नजर! कुणाला बसवायचं ते त्याला रविवारी सकाळी बरोबर माहीत असायचं. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट? खरं सांगायचं तर एमिलीला पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं की तिने प्लासिडला आग्रहाने चहा पाजला. तीन वर्षांचा नोव्हेना असा फळाला आला! उद्या मार्कला बसवतील, तो आठ दिवस तोंड पाडून हिंडेल, आणि खांदा वाचेल. तिला बोटसुद्धा हलवायचं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी आपलं काम दुसऱ्याने परस्पर केलं, या आनंदात ती पिशवी घेऊन बावखलाकाठच्या दिव्याखाली गेली.

आणि तिथे पिशवी उघडली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गावात कुणालाच ठाऊक नव्हती. निकोलसच्या ज्या नजरेची प्लासिड आरती ओवाळत होता, ती नजर निकोलसची नव्हतीच. मॅचच्या संध्याकाळी एमिली धुवायला बसली की निकोलस शेजारी विडी ओढत बसायचा आणि विचारायचा, "काय म्हणतात कपडे?" एमिली सांगायची. समोरच्याला पकडायला जो अंग टाकतो, त्याची छाती आणि खांदे मातीने भरतात. ज्याला दुसऱ्याने उचलून आपटलं, त्याची पाठ भरते. आणि जो धावल्यासारखं करतो, ओरडतो, हात वर करतो, पण पुढे जात नाही, त्याला फक्त शिंतोडे. ती चौतीस वर्षं हेच वाचत होती. पहिल्यापहिल्यांदा गंमत म्हणून, मग सवयीने. "सात नंबर दोन मॅच झाल्या कोरा येतोय," असं ती म्हणाली की रविवारी सात नंबर बाहेर. आणि लोक म्हणायचे, निकोलसची काय नजर आहे!

तिने पहिला शर्ट काढला. शिंतोडे. दुसरा, शिंतोडे. तिसऱ्याची पाठ थोडी मळलेली. तिने एकेक दगडावर ठेवला, पुढून बघितला, मागून बघितला, कॉलर उलटून बघितली. जेसनचा निघाला, दहा नंबर, बावीस वर्षांच्या कॅप्टनचा. त्याच्या छातीवर तर सकाळच्या इस्त्रीची घडी अजून दिसत होती. चौदाच्या चौदा असे. मग तिने मार्कचा उचलला. तो पुढून पांढरा उरलाच नव्हता. गळ्यापासून खाली माती, थरावर थर, पहिल्या हाफची वाळलेली आणि तिच्यावर दुसऱ्या हाफची ओली. उजव्या खांद्याची शिवण उसवली होती.

म्हणजे सगळे मार्कच्या बाजूने आले, कारण बाकीचे बाजूला झाले. एकटा अडवत होता माझा पोरगा. ऐंशी मिनिटं.

"मेल्यांनो!" ती मोठ्याने म्हणाली.

ब्रश तसाच राहिला. ती दगडावर बसली आणि फार थकल्यासारखं वाटलं तिला, सदुसष्ट वर्षांचं एकदम. उद्या गप्प बसलं की पोरगा वाचतो. बोललं की त्याची अब्रू वाचते आणि हेच लोक त्याला पुन्हा डोक्यावर घेऊन मैदानात नेतात. आणि तो जाईल, वेडा! हसत जाईल. देवा, नोव्हेनाला मी हे असं मागितलं होतं का?

रविवारच्या मिस्सात फादरांचं प्रवचन कशावर होतं, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चर्चमधून सगळे मैदानाकडे निघाले तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. जॉयसने विचारलं, "आई, अजून ओलेत का?" एमिली म्हणाली, "धुतलेच नाहीत."

कठड्यापाशी वीस-पंचवीस माणसं जमली. मार्क एका टोकाला बसला, उजवा हात मांडीवर धरून. त्याला काय होणार ते कळलं होतं. प्लासिडने टोपी काढली, घसा खाकरला, "कालच्या मॅचबद्दल," म्हणाला आणि अडकला. गॉडफ्रे म्हणाला, "अरे बोल ना. कुणीतरी बोलायलाच हवं."

"मी बोलते," एमिली म्हणाली.

तिने पिशवी उपडी केली आणि एकेक शर्ट कठड्यावर पसरत गेली, छाती वर करून, एक नंबरपासून. लोकांना वाटलं म्हातारी शर्ट परत द्यायला आली. पाच-सहा झाले तसे आवाज कमी झाले. चार नंबरची जागा तिने मोकळी सोडली होती. पंधरावा ठेवून झाल्यावर तिने मार्कचा काढला आणि त्या जागेत पसरला. वाळलेली माती कठड्यावर झडली.

"ऐंशी मिनिटांचा चिखल आहे हा," ती म्हणाली. "आणि हे बाकीचे. हे धुवायचे कशाला? घाला आणि जा लग्नाला." तिने जेसनकडे बघितलं. "तुझी इस्त्रीसुद्धा मोडली नाही रे बाबा."

जेसनने मान खाली घातली. गॉडफ्रे पुढे आला, चष्मा सावरून शर्ट बघू लागला, टोकापासून टोकापर्यंत चालत गेला आणि परत येऊन जागेवर बसला.

"निकोलसची नजर म्हणता ना तुम्ही?" एमिली प्लासिडला म्हणाली. "ती इथे या मातीत होती. मी सांगायचे, तो बसवायचा. आता विचारा स्वतःला, भगदाड कुठे आहे."

प्लासिडने टोपी बगलेत मारली. मग मार्कजवळ गेला. त्याचे डोळे भरले होते, उगीच कशाला खोटं सांगू. "चुकलं आमचं, मार्क. तूच हो कॅप्टन. पुढच्या सीझनला तू पुढे उभा राहा, ही पोरं तुझ्याकडून शिकतील." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मार्कच्या चेहऱ्यावर हसू आलं, कालपासूनचं पहिलं. एमिलीला माहीत होतं. हेच, हेच होणार होतं.

तिने कठड्यावरून चार नंबरचा शर्ट उचलला, माती लागेल याची पर्वा न करता छातीशी घडी केला.

"हा मी परत देणार नाही."

"आई, काय करतेस?" मार्क उठला. "दे इकडे."

"तुझ्या बापाने चौतीसातली पंचवीस वर्षं कुणाला बसवायचं ते मला विचारून ठरवलं. आजही मीच सांगते. तू बस."

"आई, लोक बघतायत. दे." त्याने शर्टासाठी उजवा हात पुढे केला. हात कमरेपर्यंत आला, थोडा वर आला आणि थांबला. मार्कने ओठ दाबून धरला, पुन्हा जोर लावला. हात तिथून वर गेला नाही. एमिली शर्ट घेऊन त्याच्यासमोर उभी होती, वीतभर अंतरावर. तिने शर्ट मागे घेतला नाही. "घे," ती हळूच म्हणाली. "घे ना, बाळा."

कठड्यावरचा प्रत्येक माणूस ते बघत होता. मार्कने हात खाली सोडला.

घरी जाताना जॉयस पुढे चालली. मागे मायलेकरं. वाडीच्या फाटकाशी आल्यावर मार्क म्हणाला, "धुऊन तरी ठेव, आई."

"ठेवते," ती म्हणाली, आणि फाटक उघडायला त्याने हात उचलायच्या आत तिने स्वतःच उघडलं.