चांदणी म्हणून मारलेली हाक

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर राहूनच जाईल! शेजारी कुणीतरी सुकट भाजतंय आणि त्या वासानं मला लहानपणीचं, वाशीजवळचं बोनकोडे गाव आठवलं. आम्ही नुकतेच वाशीच्या फ्लॅटमध्ये आलेलो, आणि शाळेतली माझी मैत्रीण त्या गावातली. तिचं नाव काय, तर उकिरडी! मी म्हटलं, तुला दुसरं काही म्हणू का गं? ती पटकन म्हणाली, “मना चांदनी म्हन.” मग त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात उभी राहून जोरात ओरडले, “चांदणीऽऽ!” तिची आई चुलीपुढून धावतच बाहेर आली. पण माझ्याकडे बघेचना, माझ्या मागच्या खाडीकडच्या रिकाम्या वाटेकडे बघत म्हणाली, “कुठं हाय ती?” मग भानावर आली आणि लेकीला घट्ट धरलं. “बाय, त्या नावाची माजी मोठी पोर गेली गो. हिचं नाव घान ठेवलंय, मरनाची नजर नको पडाया. हिला तरी ऱ्हाऊ दे.” आत सुकट करपत होती. मैत्रीण मात्र त्या वाटेकडेच बघत हसत होती. अजूनही कुणाला हाक मारली की मी आधी मागे वळून बघते. तुमची हाक कधी भलत्याच कुणी ऐकल्यासारखं वाटलंय का हो?