लागलेला पाय

महिला आधारगृहाच्या जेवणघरात दर शनिवारी दुपारी नाटकाची तालीम असते. कुणी वाक्य विसरलं की मागून सांगायला मी वही घेऊन बसते. नाटक शापाने शिळा झालेल्या त्या पुराणातल्या बाईचं. शेवटी देवाचा पाय लागतो आणि ती बोलू लागते.

शिळेचं काम करणाऱ्या शेवंताबाई महिनाभर सतरंजीवर मुटकुळं करून पडत होत्या. पण बोलायची वेळ आली की ओठ घट्ट मिटलेले. मी हळूच वाक्य पुरवायचे, तशी त्यांची पाठ आणखीच आक्रसायची.

परवा देवाचं काम करणाऱ्या प्रभाचा पाय जरा जोरात लागला. शेवंताबाईंनी झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले. प्रभा गडबडली. आपण देव आहोत हे विसरून खाली वाकली, त्यांच्या खांद्याला हात लावून तो आपल्या कपाळाला टेकवला.

"चुकून लागला हो, मावशी."

पाय लागला की आपला हात आपसूक खाली जातो. पुस्तकाला लागो, नाहीतर अनोळखी माणसाला. पुराणातल्या त्या पायाला मात्र आपण उद्धार म्हणून मोकळे झालो! शिळेला कुणी विचारलं होतं?

शेवंताबाई उठून बसल्या. आवाज खरखरीत होता, पण पार मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

"वीस वर्षं लाथा खाल्ल्या. पाय लागला म्हणून नमस्कार करणारी तू पहिलीच."

मी सवयीने वहीत पुढचं वाक्य शोधत होते. ते तिथे नव्हतं. वही मिटून मी ऐकत बसले.